शेड्यूल म्हणजे चिटोरं

(महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, सगळीकडे इतका रुळलाय की त्याला परका म्हणवत नाही. शब्द आहे ‘शेड्यूल’.

‘आज माझं शेड्यूल फार टाइट आहे’ असं आपण सगळेच म्हणतो. सिनेमावाले म्हणतात, पहिलं शेड्यूल वाईला झालं, दुसरं कोल्हापूरला. मेडिकलच्या दुकानात ‘शेड्यूल एच’ची औषधं असतात, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. आयकराचं रिटर्न भरताना एकामागून एक शेड्यूल्स भरावी लागतात. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहरात जा, सहकारी बँकेच्या पाटीवर नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं दिसेल : ‘मल्टीस्टेट शेड्यूल्ड बँक’. ही पाटी अभिमानाची असते. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ला जोडलेल्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये आमचं नाव आहे, म्हणजे आमच्यावर विश्वास ठेवा, असा तिचा अर्थ.

हाच शब्द माणसाला लावला की काय होतं, हे इथे जमलेल्यांना सांगायला नको. माझ्या पीएच.डी.च्या कामासाठी मी वसतिगृहांतल्या मुलामुलींशी बोलते. कॉलेज, रँक, गाव, घरची शेती, सगळं मोकळेपणाने सांगणारी मुलगी या एका शब्दापाशी आवाज खाली आणते. ‘एससी’ म्हणताना दाराकडे बघते. उत्तरेतल्या कॅम्पसवर या शब्दाची मोडतोड करून ‘शड्डू’ अशी शिवीच तयार झाली आहे. आपल्याकडे ‘कॅटेगरीवाले’, ‘सवलतवाले’, ‘सरकारचे जावई’. शब्द एकच. बँकेच्या कपाळावर तो प्रतिष्ठा होतो आणि माणसाच्या कपाळावर डाग. मग तो डाग शब्दातून आला की बघणाऱ्याच्या डोळ्यातून? म्हणून मला या शब्दाची कुळकथा बघावीशी वाटली.

शब्दाचा प्रवास असा. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘सेड्यूल’ आणि त्याआधी लॅटिनमध्ये ‘शेडुला’. लॅटिनमध्ये ‘शेडा’ म्हणजे पपायरसची पट्टी. इजिप्तमधल्या त्या लव्हाळ्यापासून कागद करत, त्याचा एक तुकडा. ‘शेडुला’ म्हणजे त्याहून लहान तुकडा. आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे : चिटोरं. आणखी मागे गेलं की ग्रीक सापडतं. तिथल्या ‘स्खिझाइन’ या क्रियापदाचा अर्थ फोडणे, चिरणे. स्किझोफ्रेनिया हा शब्द त्याच घरातला. आणि भाषांचे अभ्यासक सांगतात की संस्कृतमधला ‘छिद्’ धातू, म्हणजे आपला छेद, छिन्न, विच्छेद, हे त्याच ग्रीक क्रियापदाचे चुलतभाऊ. जातीबद्दल बोलताना या योगायोगावर मोठं काव्य करता येईल, पण मला त्याचा मोह नाही. व्युत्पत्ती म्हणजे भविष्य नसतं. शब्द जिथे जन्मला तिथे तो साधा चिरलेला तुकडा होता, एवढंच लक्षात ठेवू.

इंग्रजीतही सुरुवातीला त्याचा अर्थ चिठ्ठी, कागदाचा कपटा असाच होता. उच्चारही ‘सेड्यूल’ असा. मग लॅटिनचा थाट आणायला म्हणून स्पेलिंग बदललं, स्पेलिंग बदललं म्हणून उच्चार बदलला. इंग्रज ‘शेड्यूल’ म्हणतात. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने ग्रीक मुळाकडे बोट दाखवून ‘स्केड्यूल’ चालवलं. कुणी तुम्हाला मुलाखतीत उच्चारावरून हसलं तर एवढं सांगायला हरकत नाही की दोन्ही उच्चार मूळ इंग्रजी उच्चारापासून सारखेच दूर आहेत. वेळापत्रक हा अर्थ तर फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात अमेरिकन रेल्वेबरोबर आला.

या दोन अर्थांच्या मध्ये एक तिसरा अर्थ तयार झाला आणि तोच आपल्या कामाचा आहे. मुख्य दस्तऐवजाला जोडलेली चिठ्ठी. मृत्युपत्र असेल, करार असेल, कायदा असेल. मुख्य मजकुरात नियम सांगायचा आणि तो कोणाला, कशाला लागू आहे ती यादी वेगळ्या कागदावर लिहून शेवटी टाचायची. ते टाचलेलं म्हणजे शेड्यूल. मेडिकलचं शेड्यूल एच हे औषधांच्या नियमांना टाचलेलं आहे, बँकांचं शेड्यूल रिझर्व्ह बँक कायद्याला. सगळीकडे काम एकच : नियम इथे, नावं तिथे.

भारतीय संविधानाला अशी बारा शेड्यूल्स आहेत; १९५०मध्ये आठ होती. आठव्यात भाषा आहेत. तेव्हा चौदा होत्या, आता बावीस. मराठी पहिल्यापासून आहे, आणि जनगणनेच्या इंग्रजी अहवालात तिचा उल्लेख ‘शेड्यूल्ड लँग्वेज’ असाच होतो. म्हणजे पुण्यातला कितीही सोवळा गृहस्थ तोंड उघडतो तेव्हा शेड्यूल्ड भाषेतच बोलतो. त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. उलट ज्या भाषा त्या यादीत नाहीत त्यांचे भाषक आत येण्यासाठी आंदोलनं करतात. बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली २००३च्या घटनादुरुस्तीने आत आल्या तेव्हा त्यांच्या लोकांनी आनंद केला. तुळूवाले अजून मागणी करताहेत.

एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. एमए करणारेसुद्धा चुकतात. अनुसूचित जातींची यादी या बारा शेड्यूल्सपैकी कुठल्याही शेड्यूलमध्ये नाही. संविधानाचं कलम ३४१ म्हणतं की राष्ट्रपतींनी अधिसूचना काढून त्या त्या राज्याच्या संबंधात या जाती कोणत्या ते सांगावं, आणि एकदा सांगितल्यावर नाव घालायचं किंवा काढायचं तर फक्त संसदेने कायदा करून. त्याप्रमाणे १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्या आदेशाला यादी जोडलेली आहे, राज्यवार. महाराष्ट्राच्या यादीत ५९ नोंदी आहेत, त्याही इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने. महार ३७, मांग-मातंग ४६. आपल्यापैकी अनेकांना आपला नंबर पाठ आहे. अर्ज भरून भरून पाठ झालाय.

आता त्या यादीची व्याख्या बघा. कलम ३६६ मध्ये व्याख्या आहे, आणि ती सांगते काय, तर कलम ३४१ खाली ज्यांना अनुसूचित मानलं त्या अनुसूचित जाती. बस. रंग नाही, धंदा नाही, बुद्धी नाही, स्वच्छता नाही. आपल्याबद्दल त्यात एकही विशेषण नाही. मला ही कोरडी व्याख्या आवडते. याचं कारण समजायला तिच्याआधी आपल्याला काय काय नावं ठेवली गेली ते पाहावं लागेल.

गावात जी नावं होती ती सोडून देते, तुम्हाला ती माहीत आहेत. सरकारी आणि सुधारकी नावं बघू. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणजे दबलेले वर्ग. त्याच मिशनच्या मराठी नावात शब्द होता ‘निराश्रित’. बघा, इंग्रजीत कुणीतरी दाबलेले आणि मराठीत कुणीच नसलेले! भाषांतरात दाबणाराच गळून गेला. १९३१च्या जनगणनेत जे. एच. हटन यांनी ‘एक्स्टीरियर कास्ट्स’ हा शब्द घेतला, बाहेरच्या जाती. गांधीजींनी ‘हरिजन’ चालवला. त्याबद्दल बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचं मत इतकं स्पष्ट होतं की १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायचा प्रश्न आला तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि पक्षाचे आमदार सभागृहातून उठून गेले. आमचं नाव आम्हाला विचारून ठेवा, एवढीच मागणी होती, आणि तीही बहुमताने फेटाळली गेली.

बाबासाहेबांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावालाही आधीच हरकत घेतली होती. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, त्यांनी आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिलं त्यात नावाचा स्वतंत्र मुद्दा आहे. हे नाव हीनपणा दाखवतं, ते बदला, असं त्यांनी लिहिलं आणि पर्यायही सुचवले : जातिबाह्य हिंदू, प्रोटेस्टंट हिंदू, नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू. ‘प्रोटेस्टंट’वर थोडं थांबा. म्हणजे विरोध नोंदवणारे. ब्रिटिशांना त्यांच्याच इतिहासातला शब्द दाखवून ते सांगत होते की आम्ही खाली पडलेले लोक नाही, आम्ही न मानणारे लोक आहोत.

तो पर्याय स्वीकारला गेला नाही. पुणे करारानंतर राखीव जागा ठरल्या, मग त्या जागांवर कोण उभं राहू शकेल हे कायद्यात नेमकं लिहिणं भाग पडलं. भारत सरकार कायदा, १९३५च्या पहिल्या शेड्यूलच्या २६व्या परिच्छेदात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ची व्याख्या आली : पूर्वी डिप्रेस्ड क्लासेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गांशी जुळणाऱ्या ज्या जाती सम्राट ठरवतील त्या. ३० एप्रिल १९३६ला तो आदेश निघाला आणि त्याला यादी जोडली गेली. हे नाव कुणी प्रेमाने ठेवलेलं नाही, अपमानानेही नाही. एका कारकुनी गरजेतून, कायद्याला टाचलेल्या कागदावरून ते पडलं.

आणि बाबासाहेबांनी ते उचललं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात देशभरातले प्रतिनिधी जमले आणि ‘ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’ उभं राहिलं. अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज. आपल्याकडचे जुने लोक त्याला नुसतं ‘फेडरेशन’ म्हणायचे, कागदावर ‘शेकाफे’. विचार करा, मद्रासचा परैयर, बंगालचा नामशूद्र, पंजाबचा चमार, विदर्भातला महार यांच्यात एक समान नाव कोणतं होतं? जातीची नावं वेगळी, देव वेगळे, भाषा वेगळ्या. समान होती ती यादी. सरकारच्या कागदाने जे एका ओळीत बसवलं होतं ते फेडरेशनने एका मंचावर बसवलं. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जायची वाट बंद झाली तेव्हा त्यांना निवडून पाठवलं ते बंगालने, जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या फेडरेशनच्या बळावर. ते नाव नुसतं कारकुनी राहिलं असतं तर ही निवडणूक कशी झाली असती, मला कळत नाही.

बंगालचा विषय निघाला म्हणून भाषांतरांबद्दल थोडं सांगते. तुम्ही वेगवेगळ्या राज्यांत आहात, तुम्हाला हे रोज ऐकू येत असेल. बंगालीत अनुसूचित जातींना ‘तफशिली जाति’ म्हणतात. हा आपला ‘तपशील’! अरबी ‘तफसील’, म्हणजे सविस्तर मांडणी. उर्दूत ‘दर्ज-ए-फेहरिस्त जात’, फेरिस्तात नोंदलेली. तमिळमध्ये ‘पट्टियल’, मल्याळममध्ये ‘पट्टिका’. दोन्हीचा अर्थ यादी. कन्नडमध्ये ‘परिशिष्ट जाति’. मराठीत परिशिष्ट म्हणजे पुस्तकाच्या शेवटी उरलंसुरलं टाकायची जागा, त्यामुळे बंगळुरूत पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मी चरकले होते; पण कायद्याला टाचलेला कागद या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ कन्नडच आहे. मराठीत आधी ‘परिगणित’ होतं, नंतर संस्कृतातून ‘अनुसूचित’ घडवला. सूची म्हणजे यादी, पण त्याआधी सूची म्हणजे सुई. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी चिरलेला तुकडा, मराठी शब्दाच्या मुळाशी सुई. टाचायला दोन्ही लागतात म्हणा!

गंमत सोडा. या सगळ्या भाषांनी एक गोष्ट सांभाळली. कुणीही या शब्दाचं भाषांतर ‘नीच’, ‘मागास’, ‘गरीब’ असं केलं नाही. यादीतला, तपशिलातला, फेरिस्तातला. सगळीकडे तो कागदाचाच शब्द राहिला.

पण कागदाला कडा असतात, आणि त्या कडांवर माणसं कापली जातात. शब्दाचं कौतुक करून मी थांबले तर ते अर्धंच बोलणं होईल.

पहिली कड धर्माची. १९३६च्या आदेशातच लिहिलं होतं की भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीची मानलं जाणार नाही. बंगालमध्ये बौद्धांनाही वगळलं होतं. १९५०च्या आदेशाने हिंदू धर्माची अट घातली. काही शीख जातींना पंजाबपुरता अपवाद होता, तो १९५६ मध्ये सर्व शिखांसाठी झाला. त्याच १९५६ साली १४ ऑक्टोबरला आपल्या लोकांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि केंद्राच्या यादीतून ते बाहेर पडले. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या कागदावर बौद्ध यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. एक अख्खी पिढी केंद्राच्या नोकरीचा फॉर्म भरताना धर्म लिहायचा की जात, या पेचात म्हातारी झाली. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत. त्यांची याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. चर्चमधल्या वेगळ्या बाकांची, वेगळ्या कब्रस्तानांची माहिती ज्यांना आहे त्यांना धर्म बदलल्यावर जात संपते असं सांगून पाहा. आपण बौद्धांनी तरी या प्रश्नावर गप्प बसू नये असं मला वाटतं. बाहेर उभं राहणं काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी कड राज्याच्या सीमेची. ‘त्या राज्याच्या संबंधात’ हे कलम ३४१ मधले शब्द फार दूरवर काम करतात. धोबी उत्तर प्रदेशात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात ओबीसीत, आणि मध्य प्रदेशात फक्त भोपाळ, रायसेन आणि सिहोर या तीन जिल्ह्यांत अनुसूचित. पुढच्या जिल्ह्यात गेलं की नाही. यादी स्थानिक असावी याला कारण आहे. अस्पृश्यता गावगाड्यात घडते, आणि ती सगळीकडे सारख्याच जातीच्या वाट्याला येत नाही. पण माणूस गावातून हलला की? आंध्रातून मुंबईत आलेल्या कुटुंबातल्या एका विद्यार्थ्याच्या मेडिकल प्रवेशाच्या प्रकरणात, मर्री चंद्रशेखर राव निकालात, १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका राज्याचा अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत जात नाही. दोन्ही याद्यांत जातीचं नाव तेच असलं तरी नाही. महार हे नाव मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, राजस्थान या राज्यांच्याही याद्यांत आहे. तरी पोटासाठी सुरतेला गेलेल्याच्या पोराला गुजरात राज्याच्या जागेवर हक्क सांगता येत नाही. २०१८च्या बीर सिंग निकालाने हेच कायम केलं. दिल्लीतल्या केंद्रीय नोकऱ्यांपुरता मात्र देशभरातल्यांना मार्ग मोकळा ठेवला. तुमच्यापैकी जे राज्य सरकारांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार आहेत त्यांनी हे आधी वाचून घ्या. भाड्याने घर शोधताना बंगळुरूचा मालक आडनाव विचारतो तेव्हा तो राज्याची सीमा मानत नाही. जात रेल्वेने तुमच्याबरोबर येते, दाखला मागे राहतो.

तिसरी कड अक्षराची. न्यायालयाची भूमिका अशी की यादी जशी लिहिली आहे तशी वाचायची, कुणी तिला जोड देऊ नये. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद या निकालात २००० साली घटनापीठाने ठरवलं की अनुसूचित जमातींच्या यादीत ‘हलबा’ आहे, म्हणून त्यात ‘हलबा-कोष्टी’ आपोआप येत नाही. ‘धनगड’ आणि ‘धनगर’ यांच्यातल्या एका अक्षरावर आपल्या राज्यात कितीतरी निवडणुका लढल्या गेल्या. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. दाव्याच्या बाजूने-विरुद्ध मी इथे जात नाही. आदिवासी संघटनांची भीती खरी आहे आणि मेंढपाळांची गरिबीही खरी आहे. ‘ड’ की ‘र’ यावर लाखोंचं भवितव्य टांगलेलं असावं, इतकी ताकद त्या चिटोऱ्यात आहे, एवढंच म्हणते.

आणि चौथी कड तारखेची. महाराष्ट्रात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाने १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा दाखवायचा असतो. पुरावे कोणते? शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद. ज्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवलं किंवा आतच घेतलं नाही त्यांनी शाळेचा दाखला आणायचा. ज्यांना जमीन नव्हती त्यांनी सातबारा आणायचा. माझ्या व्हॅलिडिटीच्या वेळी आजोबांचा शाळेचा कागद निघणं शक्यच नव्हतं, ते शाळेत गेलेच नाहीत. बाबा तीन वेळा तालुक्याला गेले. एका टेबलावर त्यांना सांगण्यात आलं, ‘तुमच्या लोकांकडे कागद कधीच नसतो.’ शेवटी चुलत आजोबांच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात सापडली. मोडी वळणाचं अक्षर, जातीचा रकाना भरलेला. आमच्याकडच्या बऱ्याच गावांत कोतवाल आपल्यातलाच असायचा. म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची वर्दी देणारा माणूस आपला, आणि पन्नास-साठ वर्षांनी पुरावा नसलेलेही आपणच.

स्पॅनिशमध्ये या शब्दाचं रूप आहे ‘सेदुला’, त्याच लॅटिन चिटोऱ्याचं लेकरू. लॅटिन अमेरिकेत आजही ओळखपत्राला सेदुला म्हणतात. फिलिपिन्समध्ये स्पेनच्या राजवटीत सेदुला म्हणजे कर भरल्याचा आणि ओळखीचा कागद होता. तो बाळगणं म्हणजे प्रजा असणं. ऑगस्ट १८९६ मध्ये आंद्रेस बोनिफासियो आणि त्यांच्या कातिपुनान संघटनेच्या माणसांनी आपापली सेदुला फाडून बंड पुकारलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरची पत्र्याची पेटी आठवली. तिच्यात जातीचा दाखला लॅमिनेट करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर लावून ठेवलेला असतो. त्यांनी फाडला आणि आम्ही जपतो, यात भित्रेपणा कुणाला दिसेल. पण त्यांचा कागद म्हणजे प्रजेने राजाला दिलेल्या पैशाची पावती होती. आमचा कागद म्हणजे राज्याने मान्य केलेलं देणं आहे. देणेकऱ्याने लिहून दिलेली चिठ्ठी कोण फाडतं? कर्ज फिटेपर्यंत ती पेटीतच राहते.

तोच धागा मला ‘दलित’ या शब्दाकडे नेतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आधी सरकारी व्यवहारासाठी आणि मग माध्यमांसाठी सूचना काढली की ‘दलित’ म्हणू नका, ‘अनुसूचित जाती’ म्हणा. आपल्यातले काही जण खूश झाले, काही चिडले. माझं मत सांगते. दोन्ही शब्द व्याकरणाने सारखे आहेत, दोन्हींत कुणीतरी काहीतरी केलंय. ‘अनुसूचित’ म्हणजे सूचीत घातलेले, घालणारं राज्य. ‘दलित’ म्हणजे दळलेले, तुडवलेले, तुडवणारा समाज. दाखल्यावर, न्यायालयात, शिष्यवृत्तीच्या कार्यालयात मला पहिला शब्द हवा, कारण तिथे मी राज्याशी बोलते. रस्त्यावर, कवितेत, संघटनेत दुसरा, कारण तिथे मी समाजाला त्याचं कृत्य विचारते. (बौद्ध म्हणून मी स्वतःला काय म्हणते तो तिसरा भाग, आणि त्यासाठी मला कुणाचीच सूचना नको.) पहिला शब्द वापरा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. दुसरा पुसून टाका म्हणणारे तुडवणाऱ्याला वाक्यातून बाहेर काढताहेत, तिथे भांडण आहे.

आता त्या वसतिगृहातल्या मुलीच्या खालच्या आवाजाकडे परत येते. स्वतंत्र भारताच्या जनगणनांनी इतकी वर्षं जात विचारली ती फक्त यादीतल्यांना. बाकीचे ‘इतर’. इतरांची पुढे ‘जनरल’ झाली, ‘ओपन’ झाली. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी हे फार नीट मांडलं आहे की यादीतल्यांची जात सारखी दिसत राहिली आणि यादीबाहेरच्या सवर्णांना आपल्याला जातच नाही असं वाटू लागलं. जातीचा फायदा घेऊन झाला, मग तो फायदा ‘मेरिट’ या नावाने खात्यावर जमा झाला. कागद नसणं हीच त्यांची ओळख. २०१९ मध्ये ईडब्ल्यूएस आलं आणि त्यांनाही दाखला मिळू लागला, तहसीलदाराच्या सहीचा, तसाच कागद. पण त्या कागदाची शिवी झालेली मी अजून ऐकली नाही. कुणी रांगेत उभं राहून ‘ए ईडब्ल्यूएस’ म्हणून हाक मारलेली नाही. बँक शेड्यूल्ड, भाषा शेड्यूल्ड, औषध शेड्यूल्ड, कुणाचीच शिवी झाली नाही. शब्दाची झडती आपण घेतली, त्याच्या खिशात चिटोऱ्याशिवाय काही सापडलं नाही. घाण सापडायची असेल तर झडती बोलणाऱ्याची घ्यावी लागेल.

माझा वेळ संपत आला आहे आणि कोलकात्याहून, हैदराबादहून जोडलेल्यांचे हात वर दिसताहेत. प्रश्नांबरोबर आणखी एक करा : तुम्ही राहता तिथल्या भाषेत, सरकारी नव्हे, गल्लीतल्या भाषेत, या यादीतल्या माणसांना काय म्हणतात ते सांगा. तेलुगू आणि पंजाबी माझ्या वहीत अजून कोरी आहेत.

जय भीम.